काट्याच्या खुंटापलीकडे

गर्लिंग फार्म, लिटल वेनिंगफर्ड, सफोक
३ सप्टेंबर १९८९

चि. क्लिफर्ड यास हेस्टरताईचे अ. उ. आ. (अनेक आहेत हे नक्की. उत्तम किती, ते तुझ्या वागण्यावर.)

या देशात न्याय उरलेला नाही. राणीकडे अर्ज करावा, पार्लमेंटात प्रश्न विचारायला लावावा, की थेट आर्चबिशपच्या पायावर डोकं ठेवावं, एवढंच ठरवायचं राहिलंय. आज पुन्हा माझं यॉर्कशायर पुडिंग बसलं. भट्टीतून काढलं तेव्हा ते एखाद्या लॉर्डासारखं छाती काढून उभं होतं. तेवढ्यात दारावर टकटक झाली, आणि मी परत येऊन पाहते तो लॉर्डाचं दिवाळं निघालेलं.

दारात कोण, हे सांगायला नको. आपले जुने दंतवैद्य प्राइक. माझी धडधाकट दाढ उपटणारे तेच. दाढा संपल्यावर आता ते जमिनीच्या मागे लागलेत. रविवारी सकाळी कानाला ते भोंगे लावून, हातात धातू शोधायचं यंत्र घेऊन माझ्या शेतात झाडू मारल्यासारखे फिरतात. ही परवानगी माझ्या नवऱ्यानं, वॉल्टरनं दिलेली. वॉल्टर गेल्यावर ते टोपी हातात घेऊन माझ्याकडे आले आणि नव्यानं परवानगी मागितली. मी भांडी घासत होते, म्हटलं, खुशाल फिरा.

त्यांचा नियम असा की जमिनीतून जे निघेल ते मालकाला दाखवल्याशिवाय घरी न्यायचं नाही, आणि मोलाचं निघालं तर निम्मं निम्मं. म्हणून बरोबर माझ्या जेवणाच्या वेळी ते टेबलावर वर्तमानपत्र अंथरतात आणि त्यावर एकेक रत्न मांडतात. पितळी बटणं. शिशाच्या गोळ्या. बैलाचा अर्धा नाल. बिअरच्या डब्याची कडी. प्रत्येक वस्तूला मी अरे वा म्हणायचं, असाही नियम असावा. आजवर माझ्या वाट्याला आली ती निम्मी बटणं.

पण क्लिफर्ड, मला आता संशय येऊ लागलाय. हा माणूस खड्डा बुजवतो तो अगदी दाढ भरल्यासारखा. दुसऱ्या दिवशी शोधून सापडत नाही. इतकी सफाई कशाला लागते? आणि दुसरी गोष्ट. वॉल्टरची दुर्बीण हल्ली स्वयंपाकघराच्या खिडकीत असते (पक्ष्यांसाठी). तळ्याच्या शेतात प्राइकसाहेब खाली-वर, खाली-वर फिरतात, पण टोकाला तो जुना काट्याच्या झाडाचा खुंट आहे ना, तिथं पोचले की थबकतात, यंत्र उचलून धरतात आणि मागे वळतात. दर वेळी. पुढे शेजारच्या मिस बॉरेटच्या तारेच्या कुंपणापर्यंत चांगला रुंद पट्टा पडलाय, पण तिकडे पाऊल म्हणून टाकत नाहीत. पाणी कुठेतरी मुरतंय.

गेस्ट हाऊसमध्ये पाहुणे टिकतात का, की तुझा नाश्ता बघून पळतात?

लोभ आहेच. तो वाढवायचा की नाही, ते तू पत्राला उत्तर किती दिवसांनी देतोस त्यावर ठरवू.

तुझी
हेस्टरताई


व्हिटबी
९ सप्टेंबर १९८९

ती. हेस्टरताईस क्लिफर्डचा शि. सा. न. वि. वि. (साष्टांग घालायला कंबर परवानगी देत नाही, तो मनात घातला आहे.)

पाहुणे टिकतात. एक जोडपं तर इतकं टिकलंय की मला त्यांचाच संशय येतो. ते असू दे.

ताई, तू शेतकऱ्याची बायको असून इतकी भोळी कशी? माणूस जिथं काही नाही तिथं फिरतो, आणि जिथं काही आहे तिथं कुणी बघत असताना फिरत नाही. माझा शेजारी रोज समुद्राकडे फिरायला जातो, पण दारूच्या दुकानासमोरून जाताना आकाशाकडे बघतो. आता आकाशात काय आहे? तुझ्या दंतवैद्याचं तसंच. त्या खुंटापलीकडे त्याला कधीतरी काहीतरी घबाड लागलंय. एकदम काढलं तर तुला निम्मं द्यावं लागेल. म्हणून तू बाजारला गेलीस की हळूच एकेक काढतो, आणि तुला बटणं दाखवून अरे वा म्हणायला लावतो. दाढ दाखवायची एक आणि उपटायची दुसरी, ही त्या धंद्यातली जुनी सवय.

उपाय सोपा आहे. आमिष लाव. आजोबांच्या सोन्याच्या कफलिंक आठवतात? बाबा गेल्यावर आपण इतक्या न्यायानं वाटणी केली की एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे, आणि दोघांचाही एकेक हात उघडा. तुझी कफलिंक त्या खुंटापलीकडे पूर. त्यांना सांग, मी दिवसभर घरी नाही. संध्याकाळी टेबलावर ती आली तर माणूस साधू. नाही आली तर समज.

तुझीच का, असं विचारशील. कारण माझी व्हिटबीत आहे.

लोभाबद्दल मी तक्रार करत नाही, फक्त त्याचबरोबर ख्रिसमसला हॅमही येऊ दे.

तुझा
क्लिफर्ड


गर्लिंग फार्म
२५ सप्टेंबर १९८९

चि. क्लिफर्ड यास अ. उ. आ.

तू म्हणालास तसं केलं. या वयात मी खुरपं घेऊन भुरट्या चोरासारखी स्वतःच्याच शेतात वाकले होते. खुंटापासून मिस बॉरेटच्या तारेकडे दहा-बारा ढांगा गेले, वीतभर खोल उकरलं, आजोबांची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि पुरली. वरून पेंढा पसरला. तेवढ्यात तारेपलीकडून मिस बॉरेटच्या बदकांनी असा गिल्ला केला की जणू त्यांनाही निम्मा वाटा हवा. म्हातारी बाहेर आली. मी तिला म्हटलं, गोगलगाई बघते आहे. ती म्हणाली, बघा, आमच्याकडेही पुष्कळ आहेत. बाई वाईट नाही, पण डोळे असे बारीक करते की आपण काहीतरी लपवतोय असं आपल्यालाच वाटायला लागतं.

शुक्रवारी प्राइकसाहेब पोस्टात भेटले. मी सहज बोलल्यासारखं सांगितलं की शनिवारी मी दिवसभर इप्सविचला असणार. त्यांनी लगेच विचारलं, मग मी शनिवारी आलो तर चालेल का? बघ. लगेच!

मी इप्सविचला गेले. तिथं मला काहीच काम नव्हतं, म्हणून एक टोपी घेतली. ती मला शोभत नाही. हाही हिशेब दंतवैद्याच्या नावावर.

संध्याकाळी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं. एक बकल, दोन गोळ्या आणि बटणं, बटणं, बटणं. कफलिंक नाही. मी विचारलं, आणखी काही? ते म्हणाले, एवढंच. आणि माझ्या नव्या टोपीकडे बघून म्हणाले, छान आहे. क्लिफर्ड, जो माणूस त्या टोपीला छान म्हणू शकतो तो काहीही बोलू शकतो.

आज सकाळी मी कुदळ घेऊन खणायला गेले, तर आमच्या नोएलनं, ट्रॅक्टर चालवतो तो, पाऊस येणार म्हणून शुक्रवारीच अख्खं शेत तारेपर्यंत नांगरून टाकलेलं. माझी जागा, पेंढा, सगळं उलटंपालटं. तासभर ढेकळं फोडली. काही नाही. नांगरानं फार तर इकडची तिकडे केली असेल. पण त्यांचं यंत्र ढेकळाखालची टाचणी ओळखतं, तर सोन्याला का नाही ओरडणार? ओरडलंच असणार. कानाला भोंगे असतात ते याचसाठी, की दुसऱ्याला ऐकू जाऊ नये.

लोभाला ओहोटी लागायच्या आत पत्र पाठव.

हेस्टरताई


व्हिटबी
२९ सप्टेंबर १९८९

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मी म्हटलं नव्हतं? मी म्हटलंच होतं. तुझं पत्र नाश्त्याच्या वेळी मोठ्यानं वाचलं, तर त्या टिकून राहिलेल्या जोडप्यानं माझ्याकडे चोरून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी खोली सोडली. म्हणजे त्यांच्याही मनात काहीतरी होतं.

आता गप्प बसू नकोस. आज तुझी कफलिंक, उद्या कुणाचं काय. बाकीच्या शेतकऱ्यांना सावध करणं हे तुझं कर्तव्य आहे. नाव घ्यायची गरज नाही, नुसतं काळजीनं बोल. काळजीनं बोललेलं फार लांब जातं.

कमी होत नाही तो लोभ पाठवून दिला आहे.

क्लिफर्ड


गर्लिंग फार्म
८ ऑक्टोबर १९८९

चि. क्लिफर्ड यास अ. उ. आ.

काळजीनं बोलले. सुगीचं जेवण झालं काल, गावच्या हॉलमध्ये. माझ्या शेजारी कॅचपोल बसला होता. नदीकाठची मोठी जमीन त्याची, आणि प्राइकसाहेबांचा जीव त्या जमिनीत. मी त्याच्या कानात फक्त एवढंच म्हटलं की बाबा रे, तुझ्या शेतात जे निघतं ते सगळं तुझ्यापर्यंत पोचतं ना? कॅचपोल कस्टर्डचं ट्रायफल खाता खाता थांबला. तो ट्रायफल खाताना कधी थांबत नाही. म्हणाला, का, काय झालं? मी म्हटलं, मी काहीच बोलले नाही हं, हे आपल्या दोघांत. ट्रायफलचा काचेचा वाडगा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ही आपल्या दोघांतली गोष्ट त्याच्या आधी पोचली होती.

इथं परवानगी काढून घ्यायची रीत तुला ठाऊक नसेल. भांडायचं नाही, कारण सांगायचं नाही. नुसतं म्हणायचं, या वर्षी नको. बस. एका शेतकऱ्यानं असं म्हटलं की दुसरा विचारतो, त्यानं का म्हटलं? आणि कारण कुणालाच ठाऊक नसल्यानं प्रत्येक जण आपल्या कल्पनेतलं सगळ्यात वाईट कारण पक्कं करतो.

आज रविवार. प्राइकसाहेब आले नाहीत. पुडिंग ताठ उभं राहिलं. मी ते एकटीनं खाल्लं. चव नेहमीसारखीच होती, उगाच काही कल्पना करून घेऊ नकोस.

हेस्टरताई
(लोभाविषयी पुढच्या पत्री.)


लिटल वेनिंगफर्ड
१५ ऑक्टोबर १९८९

श्रीमती गर्लिंगबाई यांस ए. प्राइक यांचा स. न. वि. वि.

आपल्याला त्रास देताना संकोच वाटतो. मिस्टर कॅचपोल यांनी सुगीच्या जेवणाच्या रात्री मला फाटकातच गाठून या वर्षी नको असं सांगितलं. त्यानंतर आठवड्याभरात आणखी तिघांनी तेच शब्द उच्चारले. शब्द इतके सारखे होते की त्यांनी एकत्र तालीम केली असावी. कारण विचारायचा रिवाज नाही, म्हणून विचारलं नाही.

बाई, मी पस्तीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घातला. त्यामुळे गावात माझ्यावर कुणी फारसं प्रेम करत नाही, याची मला जाणीव आहे. पण चोर कुणी म्हटलं नव्हतं. काल बेकरीत दोन बायका मला पाहून एकदम पावाविषयी बोलू लागल्या.

गावात मला सर्वांत जास्त ओळखतं ते आपलं घर. वॉल्टर यांनी मला पहिली परवानगी दिली. आपण कॅचपोल यांच्याकडे माझ्यासाठी एक शब्द टाकाल का? आपल्या शब्दाला वजन आहे. रविवारी येऊ की नको, हेही कळवावं. न विचारता येणं आता बरं दिसत नाही.

आपल्या लोभाला आजवर पात्र होतो अशी समजूत असलेला,
एम्ब्रोज प्राइक


गर्लिंग फार्म
१९ ऑक्टोबर १९८९

चि. क्लिफर्ड,

आशीर्वाद आज घाईत आहेत, त्यांना वाटेत समजून घे.

आधी प्राइकसाहेबांच्या पत्राची गोष्ट ऐक. ज्या बाईनं त्यांचं नाव घालवलं तिच्याकडेच ते रदबदली मागतायत. माझ्या शब्दाला वजन आहे, म्हणे. आहेच की. चार शेतांवरून माणूस उठवला एका वाक्यात.

मला राग आला. स्वतःचा असावा, पण तो काढायला स्वतःखेरीज कुणीतरी लागतं. म्हणून त्यांना बोलावून घेतलं. दारातच उभे राहिले, आत येईनात. बूट चिखलाचे आहेत, म्हणाले. बूट कोरडे होते. मी सरळच विचारलं की मला तुमच्या रदबदलीआधी एक उत्तर हवंय. तळ्याच्या शेतात त्या खुंटापाशी तुम्ही मागे का वळता? पलीकडे काय आहे?

त्यांनी टोपी काढली, टोपीच्या आत पाहिलं, पुन्हा घातली. म्हणाले, मी वॉल्टरना शब्द दिला होता. पण आता मालकीण तुम्ही, आणि जमिनीविषयी मालकानं विचारलं तर सांगावंच लागतं. मग म्हणाले, पलीकडे काय आहे ते मला ठाऊक नाही बाई, कारण ती तुमची जमीनच नाही.

क्लिफर्ड, त्यांची रीत अशी की यंत्र गाडीतून बाहेर काढायच्या आधी मालकाबरोबर शेताच्या चारी हद्दी चालायच्या. परवानगी हद्दीपुरतीच. पहिल्या दिवशी वॉल्टर त्यांच्याबरोबर चालला. खुंटापाशी आल्यावर थांबला आणि म्हणाला, प्राइक, माझं इथपर्यंत. पुढचं मी नांगरतो, पण ते मिस बॉरेटचं. तिला ठाऊक नाही. तिथं तुम्ही काही वर काढलंत तर निम्मं तिला द्यावं लागेल, मग का द्यावं लागलं ते गावाला कळेल. तेव्हा तिकडे फिरकू नका आणि कुठं बोलू नका.

माझा वॉल्टर, क्लिफर्ड. शेजारणीचा बांध कोरला. खरं तर कोरला नाही, गिळला. कुंपणाचं झुडूप उपटून टाकलं आणि तिला म्हणाला, जुनं झालं होतं, मी तुम्हाला नवी तार फुकट लावून देतो. आणि तार लावली तिच्याच जमिनीत आत सरकून! त्या उपकारापोटी ती दर शरदात आलुबुखाराच्या जॅमच्या बरण्या पाठवते. मी तो जॅम टोस्टला लावून वर म्हणत असे, बाई चिकट आहे, साखर कमी घालते. वॉल्टर गप्प खायचा. मला वाटायचं त्याला आवडतो.

एका एकट्या बाईला फसवताना त्याची जीभ अडखळली नाही. पण पुरलेलं वर काढणाऱ्या यंत्रापुढे मात्र त्यानं खरं सांगून टाकलं. आणि वॉल्टर गेल्यावर प्राइकसाहेबांनी मलाही हद्द चालायला बोलावलं होतं. मी म्हटलं होतं, वॉल्टरनं दाखवली तीच, मला भांडी आहेत.

म्हणजे ज्या गोष्टीवरून मी त्यांना चोर ठरवलं, तीच त्यांची सचोटी होती. आणि ती कफलिंक त्यांना सापडणं शक्यच नव्हतं, कारण मी ती दुसऱ्याच्या जमिनीत पुरली.

आता कॅचपोलला काय सांगू? प्राइक निर्दोष आहेत म्हटलं तर तो विचारेल, मग तुम्ही संशय कशावरून घेतलात? खरं सांगितलं तर वॉल्टर चोर. नाही सांगितलं तर प्राइक चोर. दोघांपैकी एक तर मातीखाली आहे, त्याला आता काही टोचणार नाही, हा विचार मनात आला, आणि तो मला आवडला नाही.

हेस्टरताई


व्हिटबी
२३ ऑक्टोबर १९८९

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

आधी शांत हो. मग विचार कर. या सगळ्याला साक्षीदार कोण? मेलेला माणूस. सोयीचा साक्षीदार आहे. दंतवैद्यानं अडचणीत सापडल्यावर गोष्ट रचली नसेल कशावरून?

आणि समजा खरी असेल, तरी कुणाचं काय बिघडलं? म्हातारी बदकं पाळते, बदकांना सीमारेषा कळत नाही. दंतवैद्याला दुसरा छंद लागेल, टपाल तिकिटं वगैरे. वॉल्टर मात्र एकदाच मरतो, आणि त्याच्या मागे त्याचं नावच आहे. ते तू आपल्या हातानं उकरून काढणार? कॅचपोलला म्हण, गैरसमज झाला. गैरसमज हा शब्द अशाच वेळेसाठी काढलेला आहे.

आजोबांची कफलिंक गेलीच म्हणायची. माझी माझ्याकडे आहे, हे बरं झालं.

तुझ्या लोभाची, आणि थोडी अकलेचीही, काळजी करणारा,
क्लिफर्ड


द गूज हाऊस, लिटल वेनिंगफर्ड
३१ ऑक्टोबर १९८९

मिसेस गर्लिंग यांस,

नमस्कार लिहायचा रिवाज आहे, म्हणून स. न. वि. वि.

काल तुम्ही आलात, माझ्या खुर्चीवर बसलात, आणि म्हणालात की कुंपणाच्या पलीकडचा पट्टा माझा आहे, तो परत घ्या. मी रात्रभर विचार केला. गर्लिंगांच्या घरातून मला आजवर परत मिळालं ते रिकाम्या बरण्यांखेरीज काही नाही, आणि त्याही धुतलेल्या नसत. मग जमीन कशी परत येते?

तुम्ही म्हणता, पुरलेलं बटण शोधायचंय, त्यासाठी दंतवैद्याला माझी परवानगी हवी. गोगलगाई बघताना तुम्हाला मी पाहिलं होतं. बाई, मी बदकं पाळते, बदक नाही. त्या पट्ट्यात काहीतरी मोठं आहे, आणि ते कायद्यानं पचावं म्हणून तुम्ही आधी जमीन माझ्या नावावर करताय.

परवानगी देते. अटी अशा. शोध मी समोर खुर्ची टाकून बसल्यावर होईल. आधी दंतवैद्य माझ्याबरोबर हद्द चालतील. जे निघेल ते माझ्या टेबलावर, तुमच्या नाही.

जॅम यंदा पाठवणार नाही.

ऑगस्टा बॉरेट


गर्लिंग फार्म
२६ नोव्हेंबर १९८९

चि. क्लिफर्ड यास अ. उ. आ. (या वेळी उत्तम जरा कमी आहेत, कारण तुझा सल्ला मी मानला नाही, आणि तो मानायच्या लायकीचा नव्हता.)

तुझ्या शंकेसाठी मी खात्री केली. नोएलला विचारलं, तर तो चाकाकडे बघून म्हणाला, मालकांनी तारेपर्यंत नांगरायला सांगितलं, मी नांगरलं, खुंट चुकवायला दर वेळी वळसा घ्यावा लागतो. गल्लीच्या पलीकडे हद्दीचं जुनं झुडूपकुंपण अजून शिल्लक आहे, ते मी स्वतः उभी राहून नजरेनं सरळ पुढे आणलं. ते येतं खुंटावर. तार कुठल्या कुठे आहे. इतकी वर्षं माझ्या खिडकीसमोर होतं आणि मी दुर्बिणीनं दंतवैद्य बघत होते.

मिस बॉरेटकडे जायच्या आधी प्राइकसाहेबांकडे गेले. सुगीच्या जेवणाला कॅचपोलच्या कानात मी बोलले, हे सांगून टाकलं. त्यांनी यंत्राचे भोंगे नीट गुंडाळून ठेवले. मग म्हणाले, मला कॅचपोलच्या बायकोचा संशय होता. तिची दाढ काढताना मुळाचा तुकडा आत राहिला होता. तीन आठवडे मी त्या बिचारीला नमस्कार केला नाही. एवढंच. मला त्यांनी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मला उत्तर तरी देता आलं असतं.

शोधाच्या दिवशी मिस बॉरेट युद्ध पाहणाऱ्या सेनापतीसारखी खुर्चीत बसली होती, मांडीवर घोंगडी, पायाशी बदकं. प्राइकसाहेब आधी तिच्याबरोबर हद्द चालले, तिच्या चालीनं, म्हणजे अर्धी सकाळ. मग त्यांनी यंत्र काढलं. कफलिंक निघाली नांगराच्या ढेकळात, थोडी वाकलेली. मिस बॉरेटनं ती चावून पाहिली आणि म्हणाली, पुढे चला. तिला खात्री होती की ही तर नुसती सुरुवात आहे. पुढे निघाले ते दाराचं बिजागर आणि एक चमचा. संध्याकाळी तिचा चेहरा असा पडला की मला तिच्यासाठी खरोखर काहीतरी पुरून ठेवावंसं वाटलं.

कफलिंक तिनं ठेवून घेतली. म्हणाली, माझ्या जमिनीत निघाली, निम्मी माझी, आणि उरलेली निम्मी जॅमची. आता ती चर्चला येते तेव्हा स्वेटरच्या गळ्याला आजोबा लावलेले असतात. तू म्हणशील, ताई, तू भांडली नाहीस? नाही भांडले.

त्यानंतर कॅचपोल. कानात सांगितलेलं कानात मागे घेता येत नाही, म्हणून चर्चनंतर कॉफीच्या वेळी, सगळे असताना, मोठ्यानं बोलले. वॉल्टरनं बांध गिळला होता, मला ठाऊक नव्हतं, आणि प्राइकसाहेबांनी परक्याच्या हद्दीत पाऊल टाकलं नाही म्हणून मी त्यांना चोर ठरवलं, हे सगळं.  कुणीतरी भिंतीवरच्या वॉल्टरच्या नावाच्या पाटीकडे पाहिलं. चर्चच्या घंटेच्या दुरुस्तीसाठी त्यानं मदत केली होती, त्याची ती पाटी. मीही पाहिलं. माणूस तोच होता, क्लिफर्ड, घंटाही वाजतेच आहे. पण आता ती ऐकताना लोक थोडे हसतील, आणि त्यांना हसू द्यावं लागेल.

कॅचपोल म्हणाला, बाई, तुम्ही बोललात ते बरं केलंत. मग म्हणाला, पण मी या वर्षी नको म्हटलंय. चार लोकांत म्हटलेलं कसं फिरवू? मी काय वारा आहे, दिशा बदलायला? त्याच्या मागे बाकीचे तिघेही मान हलवत होते. म्हणजे निर्दोष ठरवलेला माणूस बाहेरच उभा, केवळ कॅचपोलला वाकायला जमत नाही म्हणून.

मी वाद घातला नाही. कॅचपोलच्या खालच्या शेताचा नाला गेली कित्येक वर्षं तुंबलाय, त्याची यंत्रं तिथं रुततात आणि तो सगळ्यांना शिव्या घालतो. मी नोएलला आमचा ट्रॅक्टर आणि खोदणारं यंत्र घेऊन तिकडे पाठवलं. बीटाच्या काढणीच्या ऐन दिवसांत, आमचं बीट तसंच जमिनीत ठेवून. नोएलनं विचारलं, का? मी म्हटलं, चिखल साफ करायला कारण लागतं का? नाला वाहता झाला. कॅचपोल नाल्याच्या काठावर येऊन उभा राहिला, वाहत्या पाण्याकडे बघत. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही, आणि मीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

आज चर्चहून येताना नदीकाठच्या शेताच्या फाटकापाशी प्राइकसाहेबांची करडी गाडी उभी होती. लांबवर ते फिरत होते, कानाला भोंगे लावून, खाली-वर, खाली-वर. मला पाहून हात केला. मग फाटकापर्यंत चालत आले आणि म्हणाले, कॅचपोलनं काल आपण होऊन बोलावलं, माणूस मनानं चांगला आहे हो. मी म्हटलं, असेल.

नोएलला बजावलंय, नाल्याचं कुणाजवळ काढायचं नाही. तूही काढू नकोस. हॅम पाठवते आहे. लोभ जिथं होता तिथंच आहे, त्याची हद्द मी तपासून घेतली आहे.

तुझी
हेस्टरताई